कोन दुप्पट झाला की अंतर हातात

दोन ठिकाणांहून एकाच खुणेचे दिगंश (उत्तरेपासून मोजलेले दिशेचे कोन) दिले असतील आणि खुणेचं अंतर काढायचं असेल, तर सरळ साइनचा नियम (त्रिकोणाची बाजू आणि तिच्यासमोरच्या कोनाचं साइन यांचं गुणोत्तर तिन्ही बाजूंना सारखं) लावा, असा सल्ला दिला जातो, आणि तो बरोबरच आहे. पण नियम लावण्याआधी त्रिकोण कुठल्या प्रकारचा आहे ते बघायला मुलांना शिकवायलाच हवं, कारण काही गणितं तिथेच सुटतात. जहाजांवर पूर्वापार वापरली जाणारी एक युक्ती बघा. जहाज १० नॉट वेगानं, म्हणजे ताशी १० सागरी मैल, सरळ चाललंय. ८ वाजता दीपगृह जहाजाच्या रोखापासून ३०° वर दिसलं, साडेआठला ६०° वर. मधल्या वेळात ५ सागरी मैल कापले. आता ६०° हा जहाजाच्या दोन जागा आणि दीपगृह यांच्या त्रिकोणाचा बाह्यकोन, म्हणजे दीपगृहापाशी उरतो ६० − ३० = ३०°. दोन कोन समान, त्रिकोण समद्विभुज, म्हणून साडेआठला दीपगृह बरोबर ५ मैलांवर! त्रिकोणमिती लागते ती यानंतर: याच रोखानं गेलं तर जहाज दीपगृहाच्या जवळात जवळ किती अंतरावरून जाईल? ५ × साइन ६०°, म्हणजे सुमारे ४.३ मैल, आणि तेही पावणेनऊला.

यात कोन जहाजाच्या रोखापासून मोजलेत, उत्तरेपासून नाही. त्यामुळे होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक उत्तरात शिरतच नाही. पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणांत हा मुद्दा सहसा येत नाही. मात्र समुद्राचा प्रवाह जोरात असेल तर ५ मैल हा आकडाच चुकतो, कारण लागतं ते पाण्यातून नव्हे, तळाच्या संदर्भात कापलेलं अंतर.