मदत हवी आहे: शॉटक्रीटची तीन पॅनेलं एकाच दिवशी मारली, ज्यूल मात्र तीन तऱ्हांचे

नमस्कार मंडळी,

उत्तराखंडात एका बोगद्यावर साइट लॅब बघतो. मूळ सोलापूरचा. काँक्रीटचे क्यूब फोडण्यात दहा वर्षं गेली, पण स्टील फायबर शॉटक्रीटच्या (पोलादी तारेचे तुकडे मिसळून फवारलेल्या काँक्रीटच्या) टफनेसशी, म्हणजे तडा गेल्यावरही ऊर्जा पचवण्याच्या क्षमतेशी, गाठ आत्ता पहिल्यांदा पडली आहे.

मागणी ई१००० वर्गाची, चाचणी ईएन १४४८८-५ या युरोपीय मानकाप्रमाणे. ६०० × ६०० × १०० मिमीचं पॅनेल, चारी कडांना आधार देणारी चौकट आतून ५०० × ५००, मधोमध १०० मिमीचा चौकोनी ठोकळा. मिनिटाला १ मिमी या गतीने दाबत जायचं. मध्य २५ मिमी खाली जाईपर्यंत भार-वाक आलेखाखालचं क्षेत्रफळ, म्हणजे पचलेली ऊर्जा, १००० ज्यूलच्या वर हवं. मिक्स ओलं, रोबोने मारलेलं. फायबर ३५ मिमीचे, हुकवाले, घनमीटरला ४० किलो.

परवा बाहेरच्या एका लॅबमध्ये तीन पॅनेलं फोडली: ११९०, १०४० आणि ७३० ज्यूल. कोअरची (कापून काढलेल्या नळकांड्यांची) ताकद तिन्हींची ठीक. सल्लागार म्हणतात फायबर ५० किलो करा. पुरवठादार म्हणतो चूक नोझलमनची, म्हणजे फवारणाऱ्याची. नोझलमन काहीच म्हणत नाही, तंबाखू मळत बसतो.

एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली ती सांगतो. तिसरं पॅनेल चौकटीवर ठेवलं तेव्हा टपरीवरच्या टेबलासारखा एक कोपरा डुगडुगत होता. तिथल्या माणसाने खाली पुठ्ठ्याची घडी सारली आणि मशीन चालू केलं.

दोष फायबरचा की चाचणीचा? आणि गोल पॅनेल वापरलं तर किती ज्यूल धरायचे?

खडकफोड्या:
पुठ्ठा! अहो, बैठक सपाट नसेल तर पॅनेल आणि चौकट यांच्यामध्ये प्लास्टर किंवा मॉर्टर भरतात. कोपरा अधांतरी असला की सुरुवातीचा भार दोन-तीन ठिकाणीच जातो आणि भेगा भलत्याच दिशेने पळतात. साच्याची गुळगुळीत बाजू वर होती ना? भार त्या बाजूने द्यायचा, खडबडीत बाजू खाली.

आणि जाडी? तुमच्या पोस्टमध्ये तीच नाही. जाडी दहा टक्के कमी झाली तर ऊर्जा पंधरा ते वीस टक्के उतरते. तुकडे टाकले नसतील तर भेगेपाशी मोजा.

धागाकर्ता:
बाजू बरोबर होती. तुकडे लॅबच्या मागे पडले होते, आज जाऊन व्हर्नियरने मोजले. ११९० वालं १०८ मिमी, १०४० वालं १०१, आणि ७३० वालं फक्त ९१. पट्टी फिरवणाऱ्याने साच्याची कड सोडून डोळ्यांवर भरवसा ठेवलेला दिसतो.

खडकफोड्या:
मग पहिल्याचा रुबाब जाडीचाच. हिशोबाने १०० मिमी जाडीवर आणलंत तर ते १०२० ते १०६० च्या दरम्यान येईल. पण तिसरं आणूनही ८४० ते ८८० वरच अडकतं. थोडं पुठ्ठ्याने खाल्लं असेल, सगळं नाही. (हा माझा कागदावरचा अंदाज. ९१ मिमीचं पॅनेल मुळात बादच.)

भुयारी_ताई:
दादा, आता फुटलेल्या तोंडाकडे बघा. फायबर उपसून आलेत की तुटलेत? उपसून आले असतील, हुक सरळ झालेला असेल, तर फायबर आपलं काम करतोय, फक्त संख्या कमी आहे. तुटले असतील तर काँक्रीट तारेपेक्षा वरचढ झालंय, मग पन्नास किलो टाकूनही ठिसूळपणा तसाच राहतो. सल्लागारांनी हे न बघताच डोस वाढवायला सांगितला याचं मला नवल वाटतं. पंप तुंबल्यावर ते येणार आहेत का?

मिक्सरमधले ४० किलो भिंतीवर ४० राहत नाहीत, रिबाउंडमध्ये, म्हणजे आपटून परत उडणाऱ्या मालात, बरेच निघून जातात. भिंतीवरचं ताजं काँक्रीट काढा, धुवा, चुंबकाने फायबर वेचा आणि वजन करा. अर्ध्या तासाचं काम.

गोल पॅनेल म्हणजे एएसटीएम सी१५५० हे अमेरिकी मानक. व्यास ८००, जाडी ७५, ७५० मिमीच्या वर्तुळावर तीन आधार, मोजणी ४० मिमीपर्यंत. तीन पायांचं स्टूल डुगडुगत नाही तसंच हे, म्हणून निकाल कमी विखुरतात. चौकोनी १००० ज्यूलला गोल पॅनेलचे ढोबळमानाने ४०० धरतात. पण करारात चौकोनी लिहिलंय, तेव्हा आधी लेखी मंजुरी घ्या. दोन्ही पॅनेलं नव्वद किलोच्या आसपास, त्यामुळे वजनाची सबब चालणार नाही.

धागाकर्ता:
ताई, फायबर उपसलेलेच आहेत, हुक सरळ झालेत. पण तिसऱ्या पॅनेलच्या एका भेगेत वीतभर पट्टा जवळजवळ बोडका आहे, आणि तिथेच वाळू-खडीचा सुटा थर दिसतो.

भुयारी_ताई:
रिबाउंड साच्यात अडकलाय. ६०० च्या साच्यात रोबोने मारलं की कोपऱ्यात उडालेला माल गाडला जातो. रोबोसाठी किमान १००० × १००० चा साचा घ्या, साचा जवळपास उभा ठेवा, अठरा तास तरी हलवू नका, आणि मधून ६०० चं पॅनेल कापून काढा.

धागाकर्ता:
म्हणजे अडीचशे किलोचा साचा. गुरुवारी हायड्रा (क्रेन) मोकळा आहे, तेव्हाच तीन मारतो. धुऊन वेचलेल्या फायबरचं वजन त्याच दिवशी इथे टाकतो. कटरचं पातं मात्र साइटवर ३०० मिमीचंच आहे, त्यात १०० मिमी जाडी एका बाजूने निघेल का?

खडकफोड्या:
निघेल, पण जेमतेम. पातं धरणारा फ्लँज मोठा असेल तर पाच-दहा मिमी न कापता राहतील. उलटवून खालून कापू नका, कड पायरीसारखी होते. ३५० चं पातं मागवा.