मदत हवी आहे: बाबांच्या पीसीची हार्ड डिस्क 'कॉशन' दाखवतेय, आत जुन्या बैठकींची ध्वनिमुद्रणं आहेत

नमस्कार मंडळी,

ग्वाल्हेरहून लिहितेय, तिथल्या लश्कर भागातून. बाबा ७८ वर्षांचे आहेत. त्यांचा डेस्कटॉप २०१२ चा: तिसऱ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम, १ टीबीची जुनी फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. महिनाभरापासून सुरू व्हायलाच नऊ-दहा मिनिटं घेतोय, आणि एखादं फोल्डर उघडलं की सगळं जागच्या जागी अडकतं.

दुरुस्तीवाला घरी येऊन गेला. पाच मिनिटं बघून म्हणाला, फॉरमॅट मारून देतो, वर एक क्लीनर आणि अँटीव्हायरस टाकतो, दोन्हीचे दर वर्षी पैसे. डेटाचं विचारलं तर म्हणाला, सी ड्राइव्हचाच जाईल, बाकीचा राहतो. मी त्याला हात लावू दिला नाही.

डी ड्राइव्हवर बाबांच्या १४० कॅसेटी आहेत. ऐंशी-नव्वदच्या दशकात आमच्या वाड्यात आणि आसपासच्या घरांत गुरुपौर्णिमेच्या, कोजागरीच्या बैठकी व्हायच्या, तिथे बाबा टेपरेकॉर्डर घेऊन बसायचे. ख्याल, तराणे, आणि टप्पे (झपझप तानांचा गानप्रकार) तर भरपूर. निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षं रोज दुपारी बसून त्यांनी एकेक कॅसेट ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममधून डब्ल्यूएव्ही या न दाबलेल्या ध्वनिफाइलीत उतरवली. साठ मिनिटांच्या कॅसेटची फाइल ६३५ एमबीची, म्हणजे सगळं मिळून ९० जीबीच्या आतच. मूळ कॅसेटींना नंतर बुरशी लागली आणि त्या गेल्या. माझ्या भावाकडे पुण्याला काही एमपी३ आहेत, पण ६० नंबरच्या पुढचं कुठेही नाही.

आतापर्यंत मी काय केलं ते सांगते, म्हणजे तेच पुन्हा सुचवावं लागणार नाही. 'तुमचा पीसी मंद झालाय' असं सांगणारी तीन क्लीनर बाबांनी कधीतरी टाकली होती, ती काढली. अ‍ॅडव्हक्लीनर चालवून ब्राउझरमधले फालतू टूलबार घालवले. ऑटोरन्समध्ये बघून आपोआप सुरू होणाऱ्या अनावश्यक गोष्टी बंद केल्या. रजिस्ट्री साफ करणारं काहीही मला नकोय. त्याने वेग वाढत नाही, नुकसान मात्र होऊ शकतं, आणि मायक्रोसॉफ्टही असल्या साधनांची जबाबदारी घेत नाही. सीपीयूचा डबा लाकडी कप्प्यात बसवलेला होता, मेच्या उन्हाळ्यातही तिथेच. तो बाहेर काढून ब्लोअरने धूळ उडवली, तेव्हा डिस्कचं तापमान ५३ वरून ४४ अंशांवर आलं. पीसी तरी मंदच.

मग डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो टाकलं आणि पोटात गोळा आला. वर पिवळ्या चौकटीत 'कॉशन'. खाली सी५ या ओळीत, म्हणजे वाचता न आलेले आणि निकालाची वाट बघणारे सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे), १८ हा आकडा. तिथले आकडे षोडशमान (सोळाच्या पायाच्या) पद्धतीत असतात हे मला नंतर समजलं. तो १८ म्हणजे आपले २४. ०५ या ओळीत, म्हणजे बदली दिलेले सेक्टर, अजून शून्य आहे.

लगेच पेन ड्राइव्ह लावून कॉपी सुरू केली. ८६ नंबरपर्यंतच्या फाइली कॉपी झाल्या. ८७ ला पट्टी थांबली, डब्यातून टक्... टक्... असा आवाज यायला लागला, आणि तीनेक मिनिटांनी 'सायक्लिक रिडन्डन्सी चेक'ची, म्हणजे डेटा धड वाचता न आल्याची, चूक दाखवून सगळं थांबलं. मी पीसी बंद केला. तेव्हापासून चालू केलेला नाही.

आता विचारायचंय ते असं. सगळीकडे चेकडिस्क (डिस्कच्या चुका शोधणारं) चालवा, डीफ्रॅग (विखुरलेल्या फाइली सलग लावणं) करा असंच लिहिलेलं दिसतं. पण मरायला टेकलेल्या डिस्कला तासन् तास पळवायचं, तेही आतला डेटा बाहेर काढायच्या आधी, हे मला उलटंच वाटतं. बरोबर आहे ना? आधी अख्ख्या डिस्कची प्रत काढायची तर क्लोनझिला की ग्नू डीडीरेस्क्यू? मी वाचलं त्याप्रमाणे क्लोनझिला खराब सेक्टर लागला की थांबतं, त्याला वेगळा पर्याय द्यावा लागतो. डीडीरेस्क्यू मात्र आधी धड भाग उचलतं, आणि अडलेल्या जागांकडे नंतर वळतं. हरवलेल्या फाइली शोधून काढणाऱ्या फोटोरेकचंही नाव ऐकलं, पण त्यात फाइलींची नावं जातात, आणि कोणत्या कॅसेटमध्ये कोण गायलंय ही यादी बाबांनी कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये टाइप केलेली त्याच डिस्कवर आहे. नावं गेली तर १४० बैठकी ऐकून ओळखायच्या, आणि ते आता फक्त बाबाच करू शकतात.

विंडोजचा प्रश्न त्यानंतरचा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही. एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाकून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली द्यावी असं मनात आहे. ऑडॅसिटी आणि लिबरऑफिस तिथेही आहेत, कृतिदेव फॉन्ट टाकला की यादीही उघडेल. बाबांच्या वयाच्या कुणाला मिंटची सवय लावलीय का कुणी?

भर, रविवार रात्र:

उत्तरं दिलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार. डीडीरेस्क्यूच वापरलं. रूफस या प्रोग्रामने पेन ड्राइव्हवर सिस्टमरेस्क्यू (पेन ड्राइव्हवरूनच पीसी सुरू करणारी दुरुस्तीची लिनक्स प्रणाली) चढवलं, डीव्हीडी ड्राइव्हची केबल काढून नव्या डिस्कला लावली. नवी मुद्दाम २ टीबीची घेतली, म्हणजे आकारावरून दोन्ही ओळखू येतील आणि कुठून कुठे यात गफलत व्हायला नको. उलटं झालं असतं तर कोरी डिस्क बाबांच्या डिस्कवर उतरली असती. मॅपफाइल (कोणता भाग उचलून झाला याची नोंद) वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवा असं तुम्ही बजावलंत, ते किती महत्त्वाचं होतं! पहाटे लाइट गेली, यूपीएस दहा मिनिटं टिकला. पण पुन्हा सुरू केल्यावर काम थांबलं होतं तिथूनच पुढे गेलं.

पहिल्या फेरीत तीन जागा अडल्या. पुन्हा पुन्हा वाचायला लावल्यावर दोन सुटल्या. एक सुटली नाही: ४०९६ बाइट. बाकी सगळं आलं, यादीसकट. सगळ्याची आणखी एक प्रत भावाकडे पाठवतेय, सेव्हन-झिपने हॅश, म्हणजे फाइलींचे ओळख-आकडे, जुळवून.

ती एक जागा ८७ मध्ये निघाली, एकतिसाव्या मिनिटाला, टप्प्याच्या ऐन तानेत. हिशोब केला तर १०२४ नमुने (सॅम्पल, आवाजाची क्षणाक्षणाची मोजमापं), सेकंदाचा त्रेचाळिसावा भाग. ऐकताना एक बारीक 'टक' येतो. मी बाबांना काहीच सांगितलं नव्हतं. हेडफोन लावून ऐकत होते, नेमक्या तिथे हात वर करून म्हणाले, "थांब. मागे घे. हे इथे नव्हतं."

म्हणून शेवटचा प्रश्न. ऑडॅसिटीतलं खराब तुकडा सांधणारं 'रिपेअर' एका वेळी १२८ नमुन्यांपर्यंतच चालतं, माझी जागा त्याच्या आठपट आहे. दोन्ही बाजूंचा स्वर थोडा थोडा ओढून ती भरता येते का, की लगतच्या तानेतला तेवढाच तुकडा आणून बसवावा? मूळ फाइलला हात लावणार नाही, काम प्रतीवरच करेन. जुन्या मैफलींवर असं काम कुणी केलं असेल तर कसं केलंत ते सविस्तर लिहा.