शिक्षण असूनही सोडतात
बरेच जण म्हणतात की बायका गर्भनिरोधक साधनं मध्येच सोडतात ते शिक्षण कमी म्हणून. मला नाही पटलं. घणसोलीत आमच्याच मजल्यावरची एक जण सरकारी 'अंतरा' (दर तीन महिन्यांनी घ्यायचं गर्भनिरोधक) इंजेक्शन घ्यायची, चांगली बी.कॉम. झालेली. आधी पाळी पुढेमागे झाली, मग थांबलीच. या औषधाने असं होतं आणि त्यात धोका नसतो, हे सुई टोचताना तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सासूबाईंनी 'रक्त आत साठतंय' म्हणून घर डोक्यावर घेतलं, पुढचा डोस राहिला तो राहिलाच. (नवरोबांनी काय केलं विचारू नका.)

दुसरं म्हणजे दर तीन महिन्यांची तारीख. ती नेमकी मे महिन्यात गावाला असताना येते आणि 'आता चुकलीच' म्हणून बऱ्याच जणी परत जातच नाहीत. खरं तर ठरलेल्या तारखेनंतर ४ आठवड्यांपर्यंत डोस घेता येतो, गावी जाण्याआधी २ आठवडे लवकरही चालतो. आशाताईंनी हे कार्डावरच लिहून दिलं तरी पुष्कळ झालं.