शब्दचर्चा: हर्पिस ‘उलटला’, ‘परत लागला’ की ‘परत उठला’?

सातरस्ता
सोलापुरात समुपदेशनाचं काम करते. जननेंद्रियाच्या हर्पिसवर (विषाणूमुळं फोड येणारा, शरीरसंबंधातून लागणारा आजार) साध्या मराठीत माहितीपत्रक लिहितेय आणि एका शब्दाशी अडलेय. हा आजार पुन्हा पुन्हा येतो, त्या येण्याला काय म्हणावं? पेशंट बहुधा ‘परत लागण झाली’ म्हणतात, आणि त्या एका शब्दानं घरं हलतात. ‘मी कुठं गेलो नाही, मग तू कुठून आणलंस?’ इथवर गोष्ट जाते. वास्तविक नवीन काही लागलेलं नसतं. विषाणू एकदा शिरला की कण्याच्या खालच्या भागाजवळच्या मज्जातंतूंच्या गाठीत दडून राहतो आणि अधूनमधून त्याच तंतूंवरून कातडीपर्यंत येतो. मूळची लागण कधीची, हे तर बऱ्याचदा सांगताच येत नाही.

जुळे_सोलापूर
ताई, ‘लागण’ नकोच. पण माझ्या मते ‘उलटला’सुद्धा नको. टायफॉइड उलटला म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘पथ्य मोडलं का?’ दोष आजाऱ्याच्या माथी. या आजारात माणूस तसाही स्वतःलाच कोसत असतो. जागरण झालं म्हणून का, वांगं खाल्लं म्हणून का, पाप केलं म्हणून का, असा हिशेब मांडत बसतो. सतत राहणारा ताण आणि फोड येणं यांचा काही संबंध असतो, पण पुन्हा येईल ही धास्ती हाच केवढा मोठा ताण! ‘उठणे’ बरं. पित्त उठतं, पुरळ उठतं. कुणी चारित्र्य विचारत नाही.

मोहोळकर
‘आवर्तन’ कसं वाटतं? उजनीच्या कालव्याला पाळीनं पाणी सुटतं, त्याला आवर्तनच म्हणतात, म्हणून आपल्याकडं शेतकऱ्याच्याही तोंडी आहे.

सातरस्ता
शब्द गोड आहे दादा, पण आवर्तनाला वेळापत्रक असतं. हर्पिसला नाही. पहिल्या वर्षी जास्त वेळा उठतो, पुढं बहुतेकांचं प्रमाण कमी होत जातं. हे कमी होणं पेशंटला कुणी सांगतच नाही, तो जन्मभर असंच चालणार म्हणून खचतो.

जुळे_सोलापूर
आणि कृपा करून ‘नागीण’ लिहू नका. ती त्याच कुळातल्या दुसऱ्या विषाणूची. शिवाय नागिणीचं तोंड तोंडाला मिळालं की माणूस दगावतो ही भीती लोकांत अजून आहे. (गंमत म्हणजे ‘हर्पिस’चा ग्रीक धातू ‘सरपटणे’ या अर्थाचा, आपल्या ‘सर्प’चा सख्खा भाऊ.) ‘गुप्तरोग’ही टाळा. गुप्त म्हटलं की लपवणं आलं. लपवणारा एकटा पडतो, जोडीदाराला सांगायचं राहून जातं आणि मन आणखी पोखरतं.

मोहोळकर
मग पेशंटनं आजाराला तोंड देण्याला काय म्हणायचं, ‘झुंज’?

सातरस्ता
नको. विषाणू शरीरातून जातच नाही, म्हणजे झुंजणारा दर वेळी हरला असंच त्याला वाटणार. ‘सोसणे’ म्हणजे गप्प बसणं. मी ‘सावरणे’ घेतेय. चुणचुण जाणवली की ओळखणं, डॉक्टरांच्या सल्ल्यानं असायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध वेळेवर सुरू करणं, फार वारंवार उठत असेल तर रोजच्या गोळीबद्दल विचारणं, एका तरी विश्वासाच्या माणसाशी बोलणं, हे सगळं त्यात मावतं.

पत्रकातलं वाक्य असं करतेय: ‘हर्पिस पुन्हा उठला, याचा अर्थ तुमच्या किंवा जोडीदाराच्या हातून काही नवीन घडलं असा होत नाही. फोड असेपर्यंत संबंध टाळा. फोड नसतानाही संसर्ग होऊ शकतो, म्हणून जोडीदाराला सांगा. कसं सांगावं कळत नसेल, तर दोघं मिळून आमच्याकडं या.’ ‘हातून’ खटकतंय का कुणाला?