बक्षीसपत्रात अट लिहून घ्या

"हयातीतच घर मुलांच्या नावावर करून मोकळं व्हावं" असं ज्येष्ठांबद्दलच्या या चर्चेत एकांनी लिहिलंय. कृपया घाई करू नका. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ आधी वाचा. बक्षीसपत्र, म्हणजे मोबदला न घेता मालमत्ता दिल्याचा दस्त, करून दिल्यावर मुलं सांभाळत नसतील, तर ते रद्द करून मागता येतं. अर्ज न्यायाधिकरणाकडे, म्हणजे आपल्याकडे प्रांतांच्या (उपविभागीय अधिकाऱ्यांच्या) कचेरीत. मात्र देताना सांभाळण्याची अट घातलेली हवी, आणि ती दस्तातच स्पष्ट लिहिलेली बरी. नाहीतर अट होती हे सिद्ध करण्यातच दमछाक होते. माझ्या मावशीच्या कागदात ती एक ओळ नव्हती. शेवटची दोन वर्षं ती स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखी राहिली. अजून आठवलं की पोटात तुटतं.

आणि ज्येष्ठ म्हणजे नुसती सांभाळायची माणसं, हा इथला सूर मला पटत नाही. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ साली आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी-सत्तरी ओलांडलेल्या आज्या गुलाबी लुगडी नेसून पाटीवर मुळाक्षरं गिरवू लागल्या. अंगठ्याच्या जागी सही आली, की समोरच्या कागदावर काय लिहिलंय ते विचारायचं बळही येतं.