कोपरा न सोडणारी फॉस्टर कुत्री: हात कधी लावायचा, दोरी कधी, फिरायला कधी?

रानजाई

फॉस्टर म्हणून (कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला) आलेल्या एका कुत्रीबद्दल जाणत्यांचा सल्ला हवा आहे. वय अंदाजे ३ वर्षं, वजन १६ किलो. एकाच बंद जागेत दाटीवाटीने कोंडलेल्या कुत्र्यांमधून तिची सुटका झाली आहे. नसबंदी, लसी, जंतांचं औषध, मायक्रोचिप (त्वचेखालची ओळखीची चिप) झालंय. सध्या दुसरा आठवडा चालू आहे.

दिवसभर ती पलंगामागच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसते. खोलीत माणूस असेल तर अन्नाला तोंड लावत नाही, रात्री सगळे झोपले की वाटी रिकामी होते. शी-शूही रात्रीच, खोलीतच. हात लावला तर गुरगुरत नाही, पळत नाही, नुसती ताठ होते आणि डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो. दोरी अडकवली की जमिनीला चिकटते.

घरात दोन मतं आहेत. एक म्हणजे रोज अर्धा तास शेजारी बसून कुरवाळायचं आणि हातानेच भरवायचं, म्हणजे सवय होईल. दुसरं म्हणजे अजिबात लक्ष द्यायचं नाही, ती येईल तेव्हा येईल. यातलं बरोबर कोणतं? आणि दोरीची, बाहेर जाण्याची सुरुवात कशी करायची?

पाणवठा

हात लावणं आजपासून बंद करा. पळायला वाट नाही आणि चावायचं धाडस नाही, अशा वेळी कुत्रं थिजतं. तुम्ही लिहिलेलं ताठ होणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं ही तीच अवस्था आहे. सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांच्या १९६७च्या प्रयोगात ज्या कुत्र्यांना विजेचे झटके टाळायची कुठलीच सोय नव्हती, त्यांतली बरीचशी पुढे सुटायची वाट समोर असूनही जागची हलली नाहीत. रोज अर्धा तास जबरदस्तीने कुरवाळलं तर बाहेरून 'सवय झाली' असंच दिसेल. मग काही आठवड्यांनी तिच्यात जरा जीव आला की ती पहिल्यांदा गुरगुरेल किंवा चावेल आणि सगळे म्हणतील, अचानक चावली.

दुसरं मतही अर्धंच बरोबर आहे. सुरुवातीचे दिवस शांतता हवीच, पण माणसाशी ओळखच झालेली नसेल तर नुसतं सोडून देऊन ती होत नाही. फ्रीडमन, किंग आणि एलियट यांच्या १९६१च्या अभ्यासात जी पिल्लं १४ आठवड्यांची होईपर्यंत माणसांपासून दूर ठेवली होती, ती नंतर प्रयत्न करूनही बुजरीच राहिली. रेस्क्यू कुत्रं घाबरलं की 'कोणीतरी मारलं असणार' असं आपण धरून चालतो. दाटीत वाढलेली बरीच कुत्री मात्र मुळात माणसाळलेलीच नसतात. त्यांना जुना विश्वास परत मिळवायचा नसतो, नव्याने शिकायचं असतं, म्हणून वेळ जास्त लागतो.

खोलीबद्दल. पलंगामागची जागा एकदम बंद करू नका, आधी तिला त्याहून चांगली जागा द्या. क्रेटचं (कुत्र्याच्या पिंजऱ्याचं) दार काढून टाका किंवा उघडं बांधून ठेवा, तीन बाजू चादरीने झाका आणि तो अशा कोपऱ्यात ठेवा की खोलीचं दार दिसेल पण येण्याजाण्याच्या वाटेत येणार नाही. आत उभं राहता, वळता आणि पाय पसरता आले पाहिजेत. ती क्रेटमध्ये झोपायला लागली की मगच पलंगामागे फळी लावा. हे करायचं कारण म्हणजे आजारी पडली तर तिथून तिला ओढूनच काढावं लागेल.

फरशी गुळगुळीत असेल तर क्रेटपासून पाण्यापर्यंत आणि शी-शूच्या जागेपर्यंत रबरी मॅटची वाट करा. पाय घसरतो म्हणून जागची न हलणारी कुत्री खूप असतात आणि आपण ते सगळं भीतीच्या खात्यात टाकतो. शोषक पॅड तिच्या झोपण्यापासून जास्तीत जास्त लांब ठेवा. एंझाइमवालं क्लीनर वापरा, अमोनियाचं नको, त्याच्या वासाने ती पुन्हा तिथेच बसू शकते. खोलीत जाताना दर वेळी एकच शब्द बोला. सरळ तिच्याकडे न जाता तिरकं चाला, तिच्याकडे बाजू करून खाली बसा, नजर दुसरीकडे ठेवा. ५ ते १० मिनिटं पुरेत.

तुकडा_तुकडा

वरच्या प्रतिसादाला +१. खाण्याचं तंत्र सविस्तर लिहितो, कारण बहुतेक घरांत नेमकं इथेच बिघडतं.

आधी माणूस दिसला पाहिजे, मग खाणं आलं पाहिजे. हा क्रम उलटला, म्हणजे आधी पिशवी कुरकुरली आणि मग माणूस आला, तर काही दिवसांत पिशवीच्या आवाजालाच ती अंग चोरायला लागते.

दारात दिसा. वाटाण्याएवढे ४-५ तुकडे (उकडलेलं चिकन, चीज, जे तिला सर्वांत आवडेल ते) तिच्या बाजूला किंवा मागे पडतील असे हळूच टाका. लगेच निघून जा. सगळं मिळून ३ सेकंदांचं काम, दिवसातून ८-१० वेळा. तुमचं निघून जाणं हेही तिच्यासाठी बक्षीसच आहे. सुरुवातीला तुम्ही गेल्यावरच खाईल, ते चालेल. गेल्यापासून खायला किती वेळ लागला हे फोनच्या कॅमेऱ्यात बघून लिहून ठेवा. हा वेळ काही मिनिटांवरून १०-१५ सेकंदांवर आला की दारातच थांबून बघा. तेही जमलं की ३ मीटरवर बसा. एका वेळी एकच गोष्ट अवघड करायची. अंतर कमी केलं तर थांबण्याचा वेळही कमी करा.

मागचे पाय जागेवर रोवून पुढचं अंग ताणून तुकडा ओढून घेत असेल, तर तुम्ही फार जवळ आहात. नेहमीपेक्षा जोरात हिसकावून घेणं, गिळून लगेच मागे उडी मारणं, याचाही अर्थ तोच. एक-दीड मीटर मागे सरका.

हाताने भरवणं आत्ता नकोच. भुकेमुळे ती हातापर्यंत येते, तुकडा संपतो आणि तिच्या लक्षात येतं की आपण नको इतके जवळ आलोय. चावण्याचे प्रसंग बऱ्याचदा याच क्षणी घडतात. तुकडा तिच्या मागे टाकला तर खाण्यासाठी तिला तुमच्यापासून लांब जावं लागतं, ताण उतरतो आणि परत वळायचं की नाही हे तिच्या हातात राहतं. ज्या दिवशी ती तुकडा खाऊन आपणहून तुमच्याकडे वळते, तो खरा मोठा दिवस. आणि रोजचं जेवण वाटीत, ठरल्या वेळी, बिनशर्त मिळालंच पाहिजे. 'उपाशी राहिली की येईल' हा हिशेब घाबरलेल्या कुत्र्याशी करू नका. हे सगळे तुकडे मिळून दिवसाच्या आहाराच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा.

स्पर्शाची वेळ त्यानंतर येते, तीही ती बहुतेक वेळा आपणहून जवळ यायला लागल्यावर. छातीच्या बाजूला बोटांच्या मागच्या भागाने २-३ सेकंद आणि हात काढून घ्या. डोक्यावरून हात आणू नका, तिच्यावर वाकू नका. अंग पुढे आणलं तर पुन्हा २-३ सेकंद. तोंड फिरवलं, ओठ चाटले, जांभई दिली किंवा नुसती स्थिर राहिली तरी तो नकारच समजा. आणि कधी गुरगुरली तर रागावू नका. गुरगुरणं दाबलं की पुढच्या वेळी इशारा न देता दात लागतात.

दुहेरी_गाठ

दोघांशी सहमत, पण इथे एक गोष्ट राहिली. अशी कुत्री हातून सुटतात आणि बहुतेकदा सुरुवातीच्या दिवसांतच सुटतात. उघडं राहिलेलं दार, गाडीतून उतरवताना, हार्नेसमधून (छाती-पोटाला बांधायच्या पट्ट्यांतून) मागे सरकून. त्यामुळे सध्या बाहेर फिरवणं नको. घरात ती खोल्यांमधून मोकळी फिरत नाही तोवर रस्त्यावर तिला शिकण्यासारखं काही नाही, फक्त भ्यायला खूप आहे. तिची खोली आणि बाहेरचं दार यांच्यामध्ये नेहमी आणखी एक बंद दार किंवा जाळीचं गेट असू द्या.

बाहेर काढायची वेळ येईल तेव्हा मार्टिंगेल कॉलर (ओढ बसली की थोडा आवळणारा गळपट्टा) आणि तीन पट्ट्यांचा हार्नेस, दोन्ही एकदम. तिसरा पट्टा शेवटच्या बरगडीच्या मागे, कंबर बारीक होते तिथे बसतो. साध्या दोन पट्ट्यांच्या हार्नेसमधून घाबरलेलं कुत्रं मागे सरकत क्षणात बाहेर पडतं. कॉलरला एक दोरी, हार्नेसला दुसरी, त्यातली एक तुमच्या कमरेला. पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकंच सैल. आपोआप गुंडाळली जाणारी दोरी नको, कारण हातातून सुटली तर तिची मूठ खडखडत मागे लागते आणि कुत्रं थांबायचं नाव घेत नाही. घरात एकटी असताना किंवा दुसऱ्या कुत्र्यासोबत खेळताना मार्टिंगेल काढून ठेवा, त्यात जबडा अडकू शकतो.

दोरीची ओळख अशी करून द्या. हार्नेस आधी काही दिवस वाटीजवळ नुसता पडलेला. मग बकलचा 'टक' आवाज लांबून काढायचा आणि तुकडा टाकायचा. डोक्यातून घालावा लागणारा हार्नेस टाळा, मानेपाशी उघडणारा घ्या. ती स्पर्श मनापासून स्वीकारायला लागली की अंगावर चढवा. त्यानंतर २०-३० सेंटीमीटरचा दोरीचा तुकडा लोंबता, मग दीड-दोन मीटरची हलकी दोरी. टोकाला मूठ किंवा फास नको, फर्निचरमध्ये अडकतो. ही दोरी कोणीतरी खोलीत असतानाच. शेवटी टोक दोन बोटांत धरा, जेमतेम ताण येऊ द्या आणि तिने तुमच्या दिशेने थोडा जरी भार टाकला तरी त्याच क्षणी सैल सोडा. ओढलंत की ती पुन्हा जमिनीला चिकटेल.

आणि सुटलीच तर मागे धावू नका, हाका मारू नका, माणसांचा ताफा जमवू नका. जिथे शेवटची दिसली तिथे खाणं आणि तिच्या वासाची चादर ठेवा, लोकांना फक्त कुठे दिसली ते कळवायला सांगा. बहुतेक वेळा ती रात्री तिथे परत येते, मग अनुभवी माणसाकडून सापळा लावून घ्या. मायक्रोचिपच्या नोंदीत सध्याचा फोन नंबर आहे का, हे आजच तपासा.

रानजाई

खूप आभार. हात लावणं आणि भरवणं दोन्ही बंद केलंय, दारातून तुकडे सुरू केलेत. आणखी तीन शंका. औषधाचा विचार कधी करायचा? घरात आणायला एक शांत, मोठ्या वयाचं कुत्रं मिळू शकतं, त्याचा उपयोग होईल का? आणि घरात तिघे आहेत, तिघांनीही तुकडे टाकायचे का?

औषधपेटी

औषध 'शेवटचा उपाय' म्हणून मागे ठेवू नका. भीती एका पातळीच्या वर असेल तर शिकणं होतच नाही. वरचं सगळं नीट करूनही दोन-तीन आठवड्यांत खाण्याचा वेळ कमी होत नसेल, ती झोपत नसेल किंवा स्वतःला इजा करत असेल, तर लगेच डॉक्टरांशी बोला. ४८ तास काहीच पोटात गेलं नाही किंवा पाणी पीत नसेल तर वर्तन बाजूला ठेवून तब्येत आधी. दात, कान, सांधे, त्वचा यांपैकी कुठे दुखत असेल तर नुसत्या प्रशिक्षणाने काही साधणार नाही. पहिल्या चर्चेसाठी तिला नेण्याऐवजी खोलीतला ५ मिनिटांचा व्हिडिओ दाखवता येईल का, हे विचारा.

रोजची औषधं वेगळी आणि प्रसंगापुरती वेगळी. फ्लुऑक्सेटिन, क्लोमिप्रामिन ही रोजची, परिणाम दिसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. फ्लुऑक्सेटिनने सुरुवातीला भूक मंदावू शकते, तेव्हा आठवड्यात बंद करून 'उपयोग नाही' म्हणू नका. ही औषधं मनाने एकदम थांबवायचीही नसतात. ट्रॅझोडोन, गॅबापेंटिन ही दवाखान्याच्या भेटीसारख्या प्रसंगाआधी दोनेक तास देतात. पहिला डोस घरी, शांत दिवशी देऊन बघायचा. नुसतं एसिप्रोमेझिन (गुंगीचं औषध) मात्र नको. त्याने अंग गळतं, भीती तशीच राहते.

डॉक्टरांना न विसरता सांगायचं: गोचिडांसाठी अमिट्राझ असलेला पट्टा किंवा औषध वापरलंय का, ट्रॅमाडोल किंवा सेलेजिलिन चालू आहे का. फ्लुऑक्सेटिनसोबत हे धोक्याचं ठरू शकतं. माणसांचं गॅबापेंटिन सिरप परस्पर देऊ नका, काहींमध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ) असतं आणि ते कुत्र्यांना विषारी आहे. मात्रा डॉक्टरच ठरवतील. गोळी मात्र तुम्ही दारातून टाकता त्या तुकड्यात लपवू नका. एकदा कडू लागलं की तो तुकडाही गेला आणि तुमच्यावरचा विश्वासही. ती जेवणाच्या वाटीतून द्या.

पाणवठा

दुसऱ्या कुत्र्याचा उपयोग खूप होतो, विशेषतः दाटीत वाढलेल्यांना. अशी कुत्री माणसांपुढे थिजतात, पण कुत्र्यांमध्ये बरीच निवांत असतात. अमेरिकेतल्या एएसपीसीए संस्थेने अशा अतिघाबरलेल्या कुत्र्यांसाठी २०१३मध्ये पुनर्वसनाचं काम सुरू केलं, २०१८पासून ते नॉर्थ कॅरोलिनातल्या विव्हरविल इथल्या केंद्रात चालतं. तिथेही मदतीला शांत कुत्री असतात. तुमच्याकडे येणारं कुत्रं माणसांवर जीव टाकणारं पण दंगा न करणारं हवं. पहिली भेट जाळीच्या गेटमधून. जेवण आणि झोपण्याच्या जागा वेगळ्या. ते कुरवाळून घेतंय हे तिला लांबून दिसू द्या.

एक धोका आहे. ती फक्त त्याच्याच आधाराने जगायला लागते आणि तो बाजूला झाला की पुन्हा कोपरा. म्हणून रोज थोडा वेळ तो दुसऱ्या खोलीत आणि माणूस तिच्यासोबत, हे पहिल्यापासून ठेवा.

तुकडा_तुकडा

तिघांबद्दल: सध्या एकानेच. ती एकासमोर खायला लागली की दुसऱ्याने दारापासून, अगदी पहिल्या पायरीपासून सुरुवात करायची. ओळख एका माणसाची होते, आपोआप 'माणसांची' होत नाही. मात्र दुसऱ्या माणसाला बहुधा कमी वेळ लागतो.

वहीत रोज तीनच नोंदी ठेवा: खायला लागलेला वेळ, ती निवांत राहू शकते ते अंतर, आणि दचकल्यावर पुन्हा खायला लागेपर्यंतचा वेळ. तिसरा आकडा सर्वांत बोलका. दचकणं लवकर जात नाही, सावरण्याचा वेळ आधी कमी होतो. एकाच दिवशी पाहुणे, पडलेलं भांडं आणि नखं कापणं असं साठलं तर दुसऱ्या दिवशी आकडे बिघडतीलच, त्या दिवशी नवीन काही करू नका.

ही वही दत्तक घेणाऱ्यांकडे तिच्यासोबत जाऊ द्या. सोबत न धुतलेली चादर, तेच अन्न, खोलीत शिरताना वापरलेला तो एक शब्द. आणि त्यांना आधीच सांगून ठेवा की नव्या घरात ती पुन्हा कोपऱ्यात जाईल, तेव्हा त्यांनीही सुरुवात दारातूनच करायची.