आजीच्या वाडीची गोष्ट रेकॉर्ड करून ठेवावी का? काही उपयोग असतो का याचा?

वाडीची_नात:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात आहे म्हणून विचारते. आमचं घर श्रीवर्धनजवळ, मागे पोफळी-माडांची लहानशी वाडी. 3 जून 2020ला निसर्ग वादळ तिथेच किनाऱ्याला लागलं आणि दुपारच्या दोन-तीन तासांत वाडी आडवी झाली. मी पुण्यात, त्यात लॉकडाऊन, फोन लागेना, चार दिवसांनी आजीचा आवाज ऐकला तर पहिलं वाक्य, "आता पडवीतनं समुद्र दिसतो गो." जन्मभर वाडीमागून नुसती गाज ऐकलेली बाई ती.

आता ती 84 वर्षांची आहे. रोज संध्याकाळी तेच सांगत बसते, विहिरीकडची पोफळ कोणी लावली, रहाट जाऊन पंप कधी आला, मृगाचा पाऊस कसा यायचा. घरचे म्हणतात विषय काढू नको, तिला त्रास होतो. मला वाटतं ऐकायला कोणी नसतं याचाच त्रास जास्त होतो. रेकॉर्ड करू का? झाडं तर परत येणार नाहीत, मग नुसतं सांगून-ऐकून काय होतं, खरंच कळत नाहीये.

वाशिष्ठीकाठची:
कर, नक्की कर. मी चिपळूणची. 2005च्या पुरानंतर बाबांनी जिन्याजवळच्या भिंतीवर खिळ्याने रेघ कोरली, खाली तारीख. तेव्हापासून कागदपत्रं, शिलाई मशीन, धान्याचे डबे सगळं त्या रेघेच्या वर, कारण यापेक्षा वर पाणी येत नाही हे घरात ठरलेलंच होतं. 22 जुलै 2021ला पाणी त्या रेघेच्या हातभर वर गेलं. म्हणजे जुनी गोष्ट सांगायची, पण तीच शेवटची धरून चालायचं नाही, हे आम्ही सगळं सामान घालवून शिकलो.

नंतर रंग काढताना पेंटर रेघ बुजवायला निघाला तर आईने त्याचा हात धरला. आता भिंतीवर दोन रेघा आहेत. खाली भाड्याने आलेल्या मुलीला आईने त्या दाखवून सगळी रात्र सांगितली, त्याच आठवड्यात तिने मुलांची सर्टिफिकेटं माळ्यावर हलवली. मला तरी हा उपयोग पुरेसा वाटतो.

दर्यावरचा_वारा:
रेकॉर्ड करच, पण एक सांगतो. एका वादळावर लगेच "हा बघा क्लायमेट चेंज" असा शिक्का मारू नकोस. अरबी समुद्र तापतोय आणि तिथली वादळं जास्त जोराची होतायत हे अभ्यासातून पुढे आलंय, 2019 या एका वर्षात पाच चक्रीवादळं झाली, वायू, हिका, क्यार, महा, पवन, मग 2020ला निसर्ग आणि 2021च्या मेमध्ये तौक्ते. हे आकडे कुठेही मिळतील. आजीकडे जे आहे ते मिळणार नाही.

निसर्गच्या वेळची सरकारी मदत आधी हेक्टरवर ठरली होती, गुंठ्यांतल्या वाड्यांच्या हाती त्यात काय पडणार, म्हणून मग झाडावर आली, माडाला 250 रुपये आणि पोफळीला 50. पण पोफळ धरायलाच सहा-सात वर्षं जातात आणि कोवळ्या रोपाला सावली लागते, वरचे माडच गेले तर खालचं रोप उन्हाने करपतं, म्हणजे नुसती झाडं मोजून वाडी कळत नाही, कुठलं झाड कुणाच्या सावलीत होतं हे सांगणारं माणूस लागतं.

आणि "हवामान बदललं का गं" असं विचारू नकोस, सगळे होच म्हणतात. तुझ्या लग्नाच्या वर्षी विहिरीला पाणी कुठवर होतं, शिंपणं कधी सुरू व्हायचं, आंब्याला मोहोर कधी दिसायचा, असं विचार. म्हातारी माणसं सन सांगत नाहीत, लग्न-बारशांवरून सांगतात, त्यावरून वर्ष काढता येतं.

गारपीट२०१४:
आम्ही लातूरकडचे. 2014च्या गारपिटीत हरभरा, गहू सगळं झोपलं, वडील त्यावर पाच वर्षं एक शब्द बोलले नाहीत. मी एकदा मोबाईल समोर धरून विचारलं तर उठून गेले. मग एकदा शेंगा फोडत बसले असताना माझ्या मुलाला आपणहून सांगायला लागले, गार केवढी होती ते शेंग बाजूला ठेवून मुठीने दाखवलं. त्यामुळे ताई, फोन बाजूला उलटा ठेवा आणि आजींच्या हाताला काहीतरी काम द्या. मध्येच गप्प झाल्या तर गप्प राहू द्या.

वाडीची_नात:
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी गावी आले. काल सुपाऱ्या सोलायला घेऊन बसलो, फोन सुपाखाली ठेवला, आवाज जरा दबलाय पण कळतंय. मी विचारलं एकूण पोफळी किती होत्या, तर म्हणाली अशी नाही सांगता येणार, ओळीने सांगते. विहिरीपासून सुरुवात केली, ही आत्याच्या बारशाची, ही शेजारच्या काकूंनी दिलेल्या रोपाची, ही वाकडी होती पण धरायची भरपूर. मध्ये दोनदा थांबली, मीही काही बोलले नाही. तिसऱ्या ओळीपर्यंत आलो आणि लाईट गेली. अकरा ओळी होत्या म्हणते. आज संध्याकाळी चौथी.